एडिट केलेले फोटो शेवटी कशात ठेवता? जेपेग, टिफ, पीएसडी की आणखी काही?

मी_ऐरोलीकर

नमस्कार मंडळी,

थंडी पडली की सुट्टीच्या दिवशी मी खाडीवर असते. कधी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने, कधी नेरुळला टीएस चाणक्यच्या बाजूला पाणथळीवर. रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे, तुतवार, जो पक्षी समोर येईल तो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो सगळे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत. एडिटिंग बहुतेक लाइटरूममध्ये, एखाद्यावर जास्त काम असलं तर फोटोशॉप. इथवर सगळं जमतं. पण काम संपवून सेव्हची यादी उघडली की तिथे घोडं पेंड खातं. पुढेमागे तोच फोटो मोठ्या प्रिंटसाठी लागला, किंवा पुन्हा थोडा बदलावासा वाटला, तर हाताशी कोणती फाइल असायला हवी?

ऑफिसातले एक जण म्हणतात, जेपेगला हातच लावू नकोस, नुसतं उघडलं तरी खराब होतं. दुसरी मैत्रीण म्हणते, जेपेग १०० वर ठेव आणि झोप. हार्ड डिस्क भरत आलीये, त्यामुळे 'सगळंच ठेव' हा सल्ला कृपया नको.

शिवाय आईकडचे जुने अल्बम स्कॅन करायचेत. ते कशात?

जुना_रोल

टिफ. चला, धागा संपला. :)

गंमत सोडा, पण माझं मत खरंच तेच आहे. तयार फोटो १६ बिट टिफमध्ये ठेवावा. आल्डस कंपनीने १९८६ मध्ये हा फॉरमॅट आणला, सहावी आवृत्ती १९९२ची, आणि तीच आजही चालते. पुढे आल्डसच ॲडोबीच्या पोटात गेली. इतक्या वर्षांत टिफ उघडत नाही असं फोटोचं सॉफ्टवेअर मला भेटलेलं नाही. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस डिजिटल फोटो जतन करायला जे फॉरमॅट पसंत करते त्यातही टिफ आहे. सेव्ह करताना काहीही गळत नाही, कितीही वेळा उघडा आणि ठेवा.

ताई, तुम्ही रॉमध्ये काढता म्हणजे कॅमेऱ्याकडून १४ बिट माहिती घेताय. दर रंगाला १६,३८४ पायऱ्या. त्या एडिट करून ८ बिटच्या जेपेगमध्ये कोंबल्या की उरतात २५६. मग रॉ काढलंच कशाला?

पारसिक_बोगदा

काका, टिफ चांगलंच आहे, पण डिस्क भरत आलीये हे वाक्य तुम्ही सोयीस्कर विसरलात. हिशेब मांडतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. प्रत्येकाला तीन रंग, १६ बिट म्हणजे रंगामागे २ बाइट. ६००० × ४००० × ३ × २ = १४४ एमबी. एका फोटोला. ८ बिट केलं तर ७२. त्यांची मूळ रॉ फाइल असेल २५-३० एमबीची, म्हणजे कामाची फाइल मूळ फाइलच्या पाचपट. फोटोशॉपचे लेअर, म्हणजे एकावर एक रचलेले थर, ठेवले की आणखी.

आता 'उघडलं तरी खराब होतं'. नाही होत. जेपेग उघडा, बघा, बंद करा, कॉपी करा, पेन ड्राइव्हवर टाका, एक बिटही हलत नाही. बिघडतं ते बदल करून पुन्हा सेव्ह करताना, कारण तेव्हा पूर्ण चित्र नव्याने दाबलं जातं. जेपेग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आकडे गोळाबेरीज करून कमी करतं. तीच क्वालिटी आणि तेच चौकोन ठेवून पुन्हा सेव्ह केलंत तर नवीन नुकसान फार थोडं होतं. खरा फटका बसतो तो मधे क्रॉप केल्यावर. समजा डावीकडून ३ ठिपके कापले, तर सगळे चौकोन सरकतात. जुन्या चौकोनांच्या कडा आता नव्या चौकोनांच्या पोटात येतात आणि गोळाबेरजेवर पुन्हा गोळाबेरीज होते. असं चार-पाच वेळा केलं की आभाळात चौकटी दिसायला लागतात.

म्हणून माझा नियम सोपा: जेपेग ही बाहेर पाठवायची फाइल. तिच्यात परत काम करायचं नाही. बदल हवा असेल तर मागे जाऊन मूळ फाइलपासून करायचा आणि नवीन जेपेग काढायचं.

तिसरा_प्रहर

दोघांनाही साष्टांग नमस्कार घालून विचारतो: हे सगळं बघणार कोण? ताईंचे फोटो जाणार व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर. तिथे तुमच्या १६,३८४ पायऱ्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या क्वालिटीचं जेपेग आणि १६ बिट टिफ शेजारी शेजारी लावा आणि ओळखून दाखवा. नाही ओळखता येणार, पैज.

लोक फॉरमॅटवर जितका वेळ घालवतात त्याच्या निम्मा पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस साधण्यात घालवतील तर बरं.

पारसिक_बोगदा

@तिसरा_प्रहर, पैज तुम्हीच जिंकणार, कारण प्रश्नच सोयीचा निवडलात. तयार फोटो शेजारी ठेवून फरक दिसत नाही हे मान्य. फरक दिसतो तो त्या फोटोवर पुन्हा काम सुरू केल्यावर. खाडीवरच्या संध्याकाळचं आभाळ घ्या. नारिंगीपासून राखाडीपर्यंत हळूहळू उतरणारा रंग. ८ बिटमध्ये त्या उताराला मोजक्याच पायऱ्या मिळालेल्या असतात. कर्व्ह (उजेड कमीजास्त करायची रेषा) ओढून अंधार उचललात की त्याच पायऱ्या ताणल्या जातात आणि आभाळात पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये तोच कर्व्ह ओढा, उतार गुळगुळीत राहतो.

म्हणजे प्रश्न 'कोणता फॉरमॅट चांगला' असा नाहीच. या फाइलवर पुन्हा हात फिरवणार आहात का, हे आधी ठरवा. फॉरमॅट त्यातूनच ठरतो.

तिसरा_प्रहर

हे वाक्य आधी लिहिलं असतंत तर मी भांडलोच नसतो.

अल्बमवाला

नौपाड्यात लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, त्यामुळे धंद्याचं सांगतो. पुस्तकी काही नाही.

आमच्याकडे लॅबला जाणारी प्रत्येक फाइल जेपेग. रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी, ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), क्वालिटी फोटोशॉपच्या १२ नंबरवर. १२ बाय ३६ चं एक पान म्हणजे १०,८०० बाय ३,६०० ठिपके. लॅबमध्ये टिफ घेऊन जाऊन बघा, काउंटरवरचा पोरगा तुमच्याकडे असा बघेल की तुम्ही फ्लॉपी आणलीत. प्रिंटसाठी चांगलं जेपेग पुरतं, त्यात कुणी शंका घेऊ नये.

पण पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची लेअरवाली फाइल, मी कधीच उडवत नाही. का, ते सांगतो. लग्न झालं, अल्बम गेला, पैसे मिळाले. दोन-तीन वर्षांनी फोन येतो: 'दादा, ते वरमाला पान आहे ना, त्यात मागे जे उभे आहेत ते काढता येतील का? आणि एक कॉपी सासूबाईंना.' मागे कोण उभं आहे आणि का काढायचं ते आपण विचारायचं नसतं. पीएसडी असेल तर त्या माणसाचा लेअर बंद करून दहा मिनिटांचं काम. फक्त जेपेग असेल तर पूर्ण पान नव्याने.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पीएसडीला २ जीबीची मर्यादा आहे, त्यापुढे पीएसबी करावं लागतं. आणि सेव्ह करताना 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू ठेवा. मग फाइलमध्ये सपाट चित्राचीही एक प्रत राहते आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरला निदान चित्र तरी दिसतं.

जुना_रोल

लेअर टिफमध्येही राहतात की. फोटोशॉपने केलेलं लेअरवालं टिफ दुसरीकडे उघडलं तर सपाट चित्र दिसतं, फोटोशॉपमध्ये उघडलं तर लेअर परत हजर. मर्यादाही ४ जीबी. मग पीएसडीचं कौतुक कशाला?

अल्बमवाला

काका, सवय. आणि आमच्या कारागिरांना टिफ म्हटलं की सपाटच वाटतं. लेअर आहेत हे न बघता कुणीतरी फ्लॅटन करून मोकळा होतो. पीएसडी नाव दिसलं की हात जपून पडतो. तांत्रिक कारण शून्य, माणसांचं कारण आहे.

मी_ऐरोलीकर

भराभर प्रतिसाद आले, धन्यवाद! काल रात्री बसून एका फोटोवर करून बघितलं. ओहोटीच्या चिखलात उभा लहान रोहितांचा थवा, मागे वाशीच्या बाजूच्या धुरकट इमारती.

१६ बिट टिफ बिनदाबाचं: १४४ एमबी, पारसिक यांचं गणित बरोबर. मग एलझेडडब्ल्यू (टिफ दाबायचा एक पर्याय) लावून सेव्ह केलं, तर फाइल लहान व्हायच्या ऐवजी मोठी झाली! हे काय गौडबंगाल आहे? झिप लावल्यावर मात्र उतरली.

आणि एक विचित्र गोष्ट. जेपेग मध्यम क्वालिटीवर काढलं तेव्हा पिसं ठीक होती, पण दूरच्या पक्ष्यांचे पाय गेले. म्हणजे आहेत, पण लाल राहिले नाहीत, मळकट तपकिरी झाले. शंभर टक्क्यांवर मोठं करून बघितल्यावर कळलं. क्वालिटी वर नेली की लाल परत आला. शार्पनेसमुळे असेल का?

पारसिक_बोगदा

व्वा, हे तुम्ही स्वतः पकडलंत हे भारी! शार्पनेसचा संबंध नाही. जेपेग चित्रातला उजेड आणि रंग वेगवेगळे करतं. आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तितका नाही. त्याचा फायदा घेऊन बरीच सॉफ्टवेअर खालच्या क्वालिटीला रंगाची माहिती निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत ठेवतात. म्हणजे चार ठिपक्यांत मिळून रंग एकच. मोठ्या गुलाबी पंखावर हे कळतही नाही. पण दूरच्या रोहिताचा पाय असतो एक-दोन ठिपके रुंद, शेजारी राखाडी चिखल. चार ठिपक्यांचा रंग एकत्र केला की लाल आणि राखाडी मिसळून तोच तुमचा मळकट तपकिरी.

फोटोशॉपच्या 'सेव्ह ॲज' मध्ये क्वालिटी ७ किंवा वर ठेवली की रंग पूर्ण ठेवला जातो. गिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंगचा पर्याय वेगळा दिसतो, तिथे ४:४:४ निवडायचं. पक्षी, कुंकू, पैठणीचे काठ, लाल अक्षरांची पाटी, असं काही असेल तर हे जरूर बघावं.

एलझेडडब्ल्यूचं असं की ते पुन्हा पुन्हा येणारे नमुने शोधून दाबतं. १६ बिट फोटोत शेवटचे काही बिट म्हणजे निव्वळ नॉइज, त्यात नमुना कुठला सापडणार? दाबायला काही मिळत नाही आणि त्याची नोंदवहीच जागा खाते. १६ बिटला झिप लावा. ८ बिटला एलझेडडब्ल्यूही चालतं.

आणि क्वालिटीचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. फोटोशॉपचं १२ पर्यंत, लाइटरूमचं १०० पर्यंत, गिंपचंही १०० पर्यंत, पण लाइटरूमचे ९० आणि गिंपचे ९० म्हणजे एकच गोष्ट नाही. १०० चा सोसही नको. ९० च्या आसपास डोळ्याला काही कमी होत नाही आणि फाइल बरीच लहान राहते.

हिरवी_चिंच

मधेच घुसते, सॉरी. माझ्याकडे कॅमेरा नाही, आयफोन आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे फोटो काढून फोनमध्येच एडिट केले आणि केबलने बाबांच्या विंडोज लॅपटॉपवर घेतले. काही उघडेनात, आणि जे उघडले त्यात माझं एडिटिंगच नाही! .एचईआयसी आणि .एएई अशा फाइली आल्यात. हे एएई काय प्रकरण?

पारसिक_बोगदा

एएई म्हणजे तू केलेल्या बदलांची यादी. आयफोन मूळ फोटोला हात लावत नाही, म्हणून तर 'रिव्हर्ट' दाबलं की मूळ परत येतो. बदल वेगळ्या छोट्या फाइलीत राहतात आणि ती विंडोजला वाचता येत नाही. एडिट केलेलाच फोटो हवा असेल तर फोनमधून शेअर करून बाहेर काढ, किंवा मॅक असेल तर त्यातल्या फोटोज ॲपमधून एक्स्पोर्ट कर. एएई फाइली कचरा समजून उडवू नकोस.

एचईआयसी हा ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आणला. जेपेगपेक्षा कमी जागेत तेवढाच चांगला फोटो, काही वाईट नाही. विंडोजला फक्त वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं. डोक्याला ताप नको असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' कर, पुढचे फोटो जेपेगमध्ये येतील. आधीचे आहेत ते तसेच ठेव. एचईआयसीचं जेपेग करून मूळ उडवणं म्हणजे विनाकारण एकदा जास्त दाबणं.

हिरवी_चिंच

थँक्यू दादा! आणि व्हॉट्सॲपवर एचडी निवडून पाठवले तर चालतील ना साठवायला?

अल्बमवाला

अजिबात नाही. एचडी असलं तरी ते दाबतंच. पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, फाइल जशीच्या तशी जाते. माझ्याकडे येणारे निम्मे फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले असतात. कार्यक्रमाची तारीख विचारली तर फाइलमध्ये तारीखही नसते, सगळी एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फाइलमध्ये केलेली नोंद) उडालेली. मग घरातल्या तीन माणसांना विचारून तीन वेगळ्या तारखा मिळतात.

मी_ऐरोलीकर

आता मुख्य मुद्द्यावर येते. मी लाइटरूममध्ये काम करते म्हणजे माझे बदलही हिरवी_चिंच सारखेच यादीच्या रूपात आहेत ना? मग रॉ आणि ती यादी ठेवली की झालं, टिफ हवंच कशाला?

पारसिक_बोगदा

बरोबर. आणि ९० टक्के फोटोंसाठी मी तेवढंच करतो. रॉ २५-३० एमबी, बदलांची यादी काही केबींची. फक्त एक सेटिंग बघा. लाइटरूम क्लासिक हे बदल आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं. कॅटलॉग बिघडला की हजारो फोटोंवरचं काम एका झटक्यात गेलं. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये बदल आपोआप एक्सएमपीत लिहिण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग प्रत्येक रॉ फाइलशेजारी त्याच नावाची .एक्सएमपी फाइल दिसेल. बॅकअप घेताना जोडी तुटू देऊ नका. रॉथेरपी हे रॉ एडिट करायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी हेच काम .पीपी३ फाइल करते. तसंच डार्कटेबल, तेही एक्सएमपीच लिहितं.

जुना_रोल

आणि इथेच मी म्हातारा पुन्हा टिफचा झेंडा उभारतो. :) एक्सएमपीमध्ये कृती लिहिलेली असते, पण ती एकाच स्वयंपाकघरात शिजते. लाइटरूममध्ये केलेला फोटो डार्कटेबलमध्ये उघडा. स्टार, कीवर्ड, क्रॉप येईल, पण रंग-उजेड तुम्ही केलात तसे नाहीत. आज तुम्ही ॲडोबीचं भाडं भरताय. उद्या भरायचं नाही असं ठरवलंत, किंवा त्यांनीच काही बदललं, तर तुमच्या हातात रॉ आहे आणि न वाचता येणारी यादी. तुम्ही पाहिलेला, तुम्हाला हवा होता तो फोटो कुठेच नाही. म्हणून निवडक फोटो शिजवून ठेवायलाच हवेत.

पारसिक_बोगदा

काका, यावर शंभर टक्के सहमत. 'निवडक' हा शब्द तुम्ही पहिल्याच प्रतिसादात वापरला असता तर माझे १४४ एमबी वाचले असते.

पाणकावळा

डीएनजी, म्हणजे ॲडोबीचा रॉ फॉरमॅट, त्याबद्दल कुणी बोललंच नाही. सगळी रॉ डीएनजीत बदलून ठेवली तर? फॉरमॅट उघडा आहे, २००४ पासून आहे आणि बदलांची यादी फाइलच्या पोटातच राहते, जोडी तुटायची भीती नाही.

जुना_रोल

चांगला आहे, पण मूळ रॉ फेकून देणार असाल तर थांबा. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बहुधा बदललेलं डीएनजी घेत नाही. आणि बदलताना 'लॉसी' वर टिचकी पडलेली नाही ना, ते बघा.

पारसिक_बोगदा

शिवाय यादी पोटात असण्याचा तोटा म्हणजे एक स्लायडर हलवला तरी पूर्ण फाइल बदलली असं बॅकअपला वाटतं आणि २५ एमबी पुन्हा चढवली जाते. एक्सएमपी वेगळी असेल तर फक्त तेवढीच चढते. कॅमेरा फार जुना किंवा अनोळखी असेल तर डीएनजी करा. नेहमीच्या कंपन्यांच्या फाइली कुठे पळून जात नाहीत.

पाणकावळा

आणि पीएनजी, वेबपी, एव्हीआयएफ, जेपेग एक्सएल?

पारसिक_बोगदा

पीएनजी दाबताना काही गाळत नाही, १६ बिटही घेतं, पण ते १९९६ मध्ये जीआयएफच्या पेटंटच्या कटकटीतून सुटायला आलं. पडद्यावरची चित्रं, लोगो, स्क्रीनशॉट यांत ते उत्तम. फोटोत फाइल मोठी होते आणि एक्झिफची सोय त्यात २०१७ मध्ये अधिकृत झाली, त्यामुळे जुनी सॉफ्टवेअर गोंधळतात. वेबपी ८ बिटच, आणि कुठलीही बाजू १६,३८३ ठिपक्यांच्या पुढे जात नाही. वेबसाइटसाठी ठीक, कपाटात ठेवायला नाही. एव्हीआयएफही सध्या वेबसाठीच.

जेपेग एक्सएल मला मनापासून आवडतो. जुनं जेपेग त्यात टाकलं तर साधारण २० टक्के जागा वाचते आणि हवं तेव्हा तेच जेपेग बिट न् बिट परत मिळतं. पण क्रोमने २०२३ मध्ये त्याला बाहेर काढलं आणि त्याच वर्षी सफारीने आत घेतलं. असली धरसोड शमेपर्यंत माझे फोटो मी त्याच्या भरवशावर ठेवणार नाही.

मी_ऐरोलीकर

आईचे अल्बम राहिले. बहुतेक ४ बाय ६ चे रंगीत, काही त्याआधीचे काळे-पांढरे, बोटाएवढे छोटे. काही त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये रुतून बसलेत.

जुना_रोल

हे मात्र माझ्या मुलखातलं. इथे मागे जायला रॉ नाही, स्कॅन हेच मूळ, त्यामुळे टिफवर तडजोड नको. ४ बाय ६ ला ६०० पीपीआय पुरे, म्हणजे २४०० बाय ३६०० ठिपके. ८ बिटमध्ये २६ एमबी, १६ बिटमध्ये ५२. रंग उडून पिवळे-तांबडे झालेले असतील तर १६ बिटच करा, कारण ते रंग परत आणताना कर्व्ह जोरात ओढावे लागतात. छोट्या काळ्या-पांढऱ्यांना १२०० पीपीआय द्या.

स्कॅनरची आपोआप 'रंग सुधारणा' आणि 'धूळ काढणे' बंद ठेवा. ती धूळ समजून डोळ्यातली चमक आणि नथीचा मोतीही पुसते. कच्चं स्कॅन एका फोल्डरमध्ये, त्याला पुन्हा हात नाही. दुरुस्ती प्रतीवर. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, ती जेपेगमध्ये चालेल.

चिकट पानांतले ओढून काढू नका, कोपरा फाटतो. दातांच्या फटी साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवा. तरी निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा.

तिसरा_प्रहर

डिस्कचंही बोला कुणीतरी. टिफ की जेपेग यावर इतका काथ्याकूट आणि सगळं एकाच डिस्कवर, तीही खिडकीजवळच्या कपाटात. आपल्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते, मग डिस्कला दमट हवा मानवत असेल असं वाटतं का? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी घराबाहेरची प्रत पुण्याला बहिणीकडे असते. दिवाळी-गणपतीला जाताना डिस्क बदलतो.

पारसिक_बोगदा

सहमत. आणि फॉरमॅटचा याच्याशीही संबंध आहे. बिनदाबाच्या टिफमध्ये चित्राच्या जागी एखादा बिट बिघडला तर एक ठिपका बिघडतो. जेपेगमध्ये तोच बिट बिघडला तर बऱ्याचदा तिथून खालचा सगळा भाग राखाडी किंवा रंग सरकलेला दिसतो, कारण पुढचं वाचणं आधीच्यावर अवलंबून असतं. म्हणून प्रती करताना चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) तपासणारं साधन वापरा, नाहीतर बिघडलेली फाइलच तुम्ही इमानेइतबारे तिन्ही ठिकाणी पोचवाल.

मी_ऐरोलीकर

ठरवलं. सगळी रॉ आणि एक्सएमपी तशीच राहणार. दरवर्षी जे मोजके फोटो खरंच आवडलेत, त्यांचं १६ बिट टिफ, झिप लावून. फोटोशॉपमध्ये लेअर झालेत ते लेअरसकट. जेपेग लागेल तेव्हा काढायचं, आणि जुनी पाठवलेली जेपेग आज रात्रीच उडवते, त्यांनीच बरीच जागा खाल्लीये. आईच्या अल्बमसाठी स्कॅनर आत्येभावाकडून आणते.

आता एकच. थव्याचा तो फोटो १२ बाय १८ प्रिंट करायचाय. टिफ ॲडोब आरजीबी या रंगांच्या प्रोफाइलमध्ये आहे. त्यातून काढलेलं जेपेग एका ठिकाणी उघडलं तर गुलाबी एकदम फिका दिसतोय. @अल्बमवाला, तुमच्याकडे कसं देऊ?

अल्बमवाला

ताई, फिका दिसतोय कारण जिथे उघडलंत तिथे प्रोफाइल वाचलं जात नाहीये. ॲडोब आरजीबीचे आकडे एसआरजीबी समजून दाखवले की रंग असाच मरतो. टिफला हात लावू नका. त्याची प्रत घ्या, लेअर सपाट करा, 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' मधून एसआरजीबी करा. 'असाइन' नाही, 'कन्व्हर्ट'. असाइन केलंत तर आकडे तेच राहतात आणि नुसतं लेबल बदलतं, तोच फिका रंग कायमचा होतो. मग ८ बिट, ५४०० बाय ३६००, आणि शार्पनिंग या मापावर आणल्यानंतर. शेवटी जेपेग, १२ नंबर, प्रोफाइल एम्बेडची खूण राहू द्या.

तुमचा फोटो ६००० बाय ४००० म्हणजे तीनास दोनच आहे, १२ बाय १८ ला काही कापावं लागणार नाही. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर चिखलाची चमक पक्ष्यांवर मात करेल. मेल करा किंवा पेन ड्राइव्ह आणा, व्हॉट्सॲपवर टाकलंत तर परत पाठवीन. सोमवारी बंद असतो.

हिरवी_चिंच

ताई, प्रिंट झाली की इथे फोटो टाका ना! डॉक्युमेंट म्हणून. 😄